दगडापलीकडचा कोपरा

दिवाळी उरकते, फराळाचे डबे तळाला लागतात आणि माझ्या डाव्या हाताची करंगळी ठणकायला लागते. डॉक्टर म्हणतात, थंडीनं होत असेल. माझी बायको सुनंदा म्हणते, बाकीच्यांची सदसद्विवेकबुद्धी काळजात असते, तुमची जागेअभावी करंगळीत गेलेली दिसते. करंगळीवर विळ्याचा एक बारीक पांढरा वण आहे. भात कापणाऱ्या सगळ्यांच्याच बोटावर असा वण असतो, असं मी लोकांना सांगतो. ज्यांना खरंच भात कापता येतं ते नुसते माझ्या बोटाकडे बघून हसतात.

याच दिवसांत भोरच्या एसटी स्टँडवर वेल्ह्याकडची गाडी लागली की दारातून माणसांच्या आधी वास उतरतो. नव्या पेंढ्याचा, दमट पोत्याचा, कुणाच्या तरी पिशवीतल्या इंद्रायणीचा. तालुक्याचं नाव आता बदलून राजगड झालंय, पण वासाला ते अजून कुणी कळवलेलं नाही. तो वेल्ह्याचाच येतो. मला कुठं जायचं नसलं तरी मी तिथं पाच मिनिटं उभा राहतो. नाक वर करून उभ्या असलेल्या निवृत्त मास्तरकडे कंडक्टर संशयानं बघतात. बघू देत. त्या वासात मला गुंजवण्याच्या अलीकडची एक वाडी दिसते, डोंगरउतारावरची तीन खाचरं दिसतात, खाली धरणाचं पाणी चमकताना दिसतं, आणि सगळ्यात वरच्या खाचरात, एका काळ्या दगडाच्या पलीकडे, मी एका दुपारात सफाचट करून टाकलेला कोपरा दिसतो.

या गोष्टीला सातआठ वर्षं झाली असतील. तेव्हा मी नोकरीत होतो, मराठी शिकवत होतो, आणि स्वतःला बोलता येतं असं समजत होतो. पहिल्या दोन गोष्टींतून सरकारनं वय झाल्यावर मुक्त केलं. तिसरीतून एका म्हातारीनं केलं.

भोरमध्ये आम्ही ख्रिस्ती माणसं मोजकी. प्रार्थनागृह म्हणजे एक लांबट खोली, वर पत्रा, आत प्लास्टिकच्या खुर्च्या आणि एक पेटी, जिचा एक सूर पावसाळ्यात दम लागल्यासारखा निघतो. पण कापणीच्या उपासनेला ही खोली बघावी. पुढच्या टेबलावर आणि टेबलाखाली तांदूळ, नाचणी, भोपळे, घेवडा, उसाची कांडी, अंडी. ज्याच्या घरी जे पिकलं त्यातलं पहिलं. ज्याच्या घरी काही पिकत नाही तो कुंडीतली मिरची आणतो. एका वर्षी कुणीतरी जिवंत कोंबडा आणला होता आणि आशीर्वादाच्या ऐन वेळी तो माझ्याआधी आणि माझ्यापेक्षा खणखणीत ओरडला. तेव्हापासून आमच्या मंडळीत जिवंत वस्तू आणण्यावर बंदी आहे. काही जणांचं म्हणणं, ती बंदी चुकीच्या प्राण्यावर आली.

त्या वर्षी या उपासनेत बोलायचं मी ठरवलं होतं. विषय, 'नम्र आज्ञापालन'. मुद्दे अकरा. पानंही अकरा, पाठपोट. सुनंदाला मी ते दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा ती शेंगा निवडत होती. वाचन संपलं तेव्हा मी विचारलं, कसं वाटलं? तिनं सूप झटकलं आणि म्हणाली, "नम्रतेबद्दल इतक्या मोठ्यांदा बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं." मी ती दाद समजलो.

आमचे पाळकसाहेब तेव्हा नवीनच आलेले, वयानं माझ्या विद्यार्थ्यांएवढे. त्यांच्यासमोर मी ते अकरा मुद्दे मथळ्यांसकट मांडले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, रविवारी अवश्य बोला, सर. पण त्याआधी बुधवार-गुरुवार जरा वेल्ह्याकडे जाऊन या. मार्थाआत्यांचा मुलगा चाकणला कंपनीत आहे, त्याला सुट्टी मिळत नाही, भात उभं आहे, म्हातारी एकटी. तिथं जायचं आणि त्या सांगतील ते करायचं. एवढंच.

'एवढंच' हा शब्द त्यांनी का वापरला, हे मला तेव्हा कळलं नाही. मी आनंदानं हो म्हटलं. भाषणाला ताजा दाखला मिळणार होता. मी नवा पंचा घेतला, नवी टोपी घेतली, पांढरे बूट घातले. हो, भाताच्या खाचरात जायला पांढरे बूट. मार्गासनीला गाडी बदलताना मोबाईलवर स्टेटस ठेवलं, 'प्रभूच्या शेतात सेवक निघाला'. संध्याकाळपर्यंत चौऱ्याऐंशी लोकांनी ते बघितलं. सेवक किती वेळा उघडून मोजत होता, ते यावरून कळेल.

मार्थाआत्या म्हणजे सत्तरी ओलांडलेली, माझ्या खांद्याला लागेल एवढी बाई. नऊवारीचा काष्टा, कपाळ मोकळं, गळ्यात काळ्या दोऱ्यात एक बारीकसा क्रूस. त्यांचे सासरे कधीकाळी मिशनच्या दवाखान्यात मलमपट्टी करत, तिथून ते दोन गोष्टी घेऊन वाडीत परतले, येशूवरचा विश्वास आणि खरजेचं मलम. मलम सगळ्या वाडीनं घेतलं. विश्वास एका घरानं. त्यावरून कधी भांडण झालं नाही. वाडी त्यांना आत्या म्हणायची आणि बाळंतपणाला, दुखण्याखुपण्याला आधी त्यांच्याच दारात यायची.

त्यांनी मला वरपासून खाली पाहिलं. नजर बुटांवर थांबली.

"मास्तर, लगीन हाय का कुनाचं?"

मी बूट काढले. विळा हातात आला. पुढच्या दोन तासांत मला कळलं की कंबर नावाचा अवयव मी आजवर फक्त पट्टा बांधायला वापरत होतो. भात खाली वाकून, मुळाजवळ, एका हाताच्या मुठीत बसेल तेवढं धरून कापायचं असतं, आणि कापलेली मूठ मागं ठेवायची असते, फेकायची नसते. मी फेकत होतो. शिवाय बोलत होतो. कापणी ही आत्म्याची कशी प्रतिमा आहे, हे मी आत्यांना समजावून देत होतो. त्या चार पावलं पुढं गेल्या होत्या, मागं न वळता म्हणाल्या, भाताला भाषान लागत न्हाई, इळा लागतो.

दुपारी बांधावर भाकरी, सुकटीची चटणी, कांदा. जेवणाआधी त्यांनी मला प्रार्थना करायला सांगितलं. मी डोळे मिटले आणि सृष्टीच्या निर्मितीपासून सुरुवात केली. डोळे उघडले तेव्हा भाकरीवर मुंग्यांची रांग लागली होती. रात्रीच्या जेवणाला त्यांनी मला विचारलंच नाही. स्वतःच पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाल्या, "बापा, दिलंस ते खाते. सांगशील ते करते. आमेन." भाकरी गरम होती. मला ती प्रार्थना जरा अपुरीच वाटली. मुद्दे दोनच.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, आत्यांना वेल्ह्याला जायचं होतं. पेन्शन चालू राहायची तर आपण जिवंत आहोत हे वर्षातून एकदा तहसीलला जाऊन सांगावं लागतं. सकाळच्या गाडीला निघताना त्यांनी मला वरच्या खाचरात नेलं. खाचराच्या एका टोकाला कमरेएवढा काळा दगड आहे. त्याच्या पलीकडे एका खोलीएवढा तुकडा, पाझराच्या पाण्यानं ओलसर, आणि त्यातलं भात सगळ्यात दाट. त्या म्हणाल्या, "हित्तोवर कापा. दगडापल्याड हात लावायचा न्हाई." मी म्हटलं, बरं. त्यांनी पुन्हा विचारलं, "ऐकलं न्हवं?" मी म्हटलं, ऐकलं.

आणि खरंच ऐकलं होतं. कान माझे उत्तम आहेत, आजही. त्या दिवसाची पळवाट शोधताना मी सगळ्या अवयवांवर संशय घेतला, कान त्यातून निर्दोष सुटले.

झालं असं की दुपारी तीनच्या सुमाराला मी दगडापर्यंत पोचलो. हात आता बसला होता. ऊन कलतं झालं होतं, कापलेल्या भाताचा गोडसर वास वर येत होता, खालून कुणाच्या तरी ट्रॅक्टरवरचं गाणं तुकड्यातुकड्यानं येत होतं, आणि स्वतःबद्दल माझं मत फार चांगलं झालं होतं. मी विळा दगडावर टेकवून पलीकडे बघितलं. एवढासा तुकडा. म्हातारीनं तो का ठेवला असेल? माझी दया आली असेल तिला. शहरी माणूस, दमेल बिचारा. उद्या स्वतः कंबर मोडून कापेल. आणि मला माझा सातवा मुद्दा आठवला. खरा आज्ञाधारक सांगितल्यापेक्षा नेहमी एक पाऊल पुढं जातो. या ओळीखाली मी लाल शाईनं दोन रेघा मारल्या होत्या.

मी एक पाऊल पुढं गेलो. दगडाच्या पलीकडे.

पाऊण तासात कोपरा साफ. एकही काडी उभी ठेवली नाही. इतकं नीट काम मी आयुष्यात केलेलं नाही. फोटो काढला.

आत्या संध्याकाळच्या गाडीनं परत आल्या. आपण जिवंत असल्याचा शिक्का मिळाल्यामुळे खुशीत होत्या, येताना माझ्यासाठी वेल्ह्याच्या बाजारातून भजी आणली होती. मी त्यांना डोळे मिटायला सांगावं की काय या विचारात होतो. त्या वर आल्या, दगडाजवळ थांबल्या, आणि बांधावर हळूच बसल्या. भज्यांची पुडी मांडीवर तशीच राहिली. मी हसत होतो. माझं हसू तोंडावर तसंच राहिलं, काढून कुठं ठेवावं कळेना.

मग त्यांनी सांगितलं. वर धनगरवाड्यात ठकूबाई राहते. तिच्या नवऱ्याच्या वाट्याला एकच अर्धं खाचर होतं, खालच्या अंगाला, ते धरणाच्या पाण्यात गेलं. तिच्याकडे म्हशी आहेत, शेळ्या आहेत, तांदळावाचून तिचं काही अडलेलं नाही. पण नव्या भाताचा पहिला निवद वाघजाईला दाखवायचा हा तिच्या सासरचा नेम. त्या निवदाचं भात इकत आणलेलं चालत नाही, मागून आणलेलं चालत नाही. उभं भात आपल्या हातानं कापलेलं लागतं. खाचर बुडालं त्या साली ठकूबाई बांधावर येऊन नुसती उभी राहिली होती. आत्यांनी तिला काही दिलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या होत्या की आमच्या शास्त्रात शेताचा कोपरा कापायचा नसतो, तो आम्ही सोडतो, सोडलेलं कुनाचं नसतं. तेव्हापासून दर साली ठकूबाई येते, कापते, डोक्यावर घेऊन जाते. ना हिनं दिलं, ना तिनं मागितलं.

शेत कापताना कोपरे सोडावेत, ते गरिबाचे आणि परक्याचे. हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझ्या भाषणात ते होतं. पान आठ, मुद्दा नववा. मी फक्त सातव्यापर्यंत पोचलो होतो.

मी एकदम उपाय सुचवायला लागलो. कापलेल्या पेंढ्या तिलाच देऊ. नाहीतर भोरहून उत्तम आंबेमोहोर आणतो. आत्यांनी मान हलवली. तिला भात नको हाय मास्तर, तिला कापायचं हाय. माझ्यातला धर्मपंडित एवढ्यावरही गप्प बसेना. मी विचारलं, पण आत्या, आपल्या शेतातलं भात दुसऱ्या देवतेच्या निवदाला, हे आपल्या विश्वासात कसं बसतं? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मुलाकडे बघावं तसं.

"मला कोपरा सोडाया सांगितलंय. पुढं त्याचं कुनी काय करावं ते मला सांगितल्यालं न्हाई."

मग भजी उघडली, अर्धी मला दिली आणि दुसरी आज्ञा सोडली. सकाळी वर जा. तिला सांगा, माझं चुकलं. बास. दुसरं काय बोलू नका.

आता बघा. जगात याहून सोपी आज्ञा असेल का? चढ अर्ध्या तासाचा. शब्द दोन. मोठमोठ्या माणसांना देवानं देश सोडायला सांगितला, डोंगर चढायला सांगितला, त्यावर मी तास घेऊ शकतो. मला फक्त एका शेळ्या राखणाऱ्या बाईला 'चुकलं' म्हणायचं होतं. आणि मला ते जमेना. अंथरुणात पडल्या पडल्या मला त्याहून सुंदर कल्पना सुचली.

पहाटे आत्या धार काढायला गोठ्यात गेल्या तशी मी वरच्या खाचरात गेलो. कोपऱ्यातली जमीन ओली होती. मी कापलेल्या पेंढ्या आणल्या, सोडल्या, आणि मूठमूठ भात चिखलात उभं रोवायला लागलो. जे उभं राहीना त्याला कारवीच्या काटक्यांचा आधार दिला, पंच्याचे धागे काढून बांधलं. तासाभरात कोपरा पुन्हा उभा. जरा वाकडा, जरा दारू प्यायल्यासारखा, पण उभा. दगडाच्या अलीकडून बघितलं तर फसावं. मी फोटो काढला. सेवक थकत नव्हता.

आणि ठकूबाई, जी आत्यांच्या हिशेबानं शनिवारी यायची होती, ती शुक्रवारीच आली.

उंच, काटक बाई, साठीची असेल. कमरेला विळा, डोक्याला फडकं. मला तिनं रामराम केला, मी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटलो. ती कोपऱ्यासमोर उभी राहिली, जमिनीला हात लावून कपाळाला लावला, खाली वाकली, डाव्या हातात मूठ धरली. विळा अजून लागलाही नव्हता, आणि ती मूठ सबंध तिच्या हातात आली. तिनं मुठीच्या बुडाकडं बघितलं. दुसरी मूठ धरली. तीही आली. कारवीची काटकीही आली. काटकीला माझ्या नव्या पंच्याचा लाल धागा लोंबत होता.

"औंदा भाताला मुळं आली न्हाईत व्हय?" ती म्हणाली.

गोठ्याकडून आत्या येत होत्या. त्यांनी उभा कोपरा बघितला, ठकूबाईच्या हातातली काटकी बघितली, मला बघितलं, आणि दुधाची चरवी खाली ठेवून त्या जे हसायला लागल्या ते बांधाला टेकून खाली बसल्या. ठकूबाई हसली नाही. तिनं त्या मुठी दगडावर नीट ठेवल्या, जणू त्यांचा काही दोष नव्हता. मग धरणाच्या पाण्याकडं बघत राहिली. कुठल्या जागेकडं बघत होती ते विचारायची गरज नव्हती. आत्यांचं हसू थांबलं.

तिथं मी उघडा पडलो होतो, चिखलात, गुडघ्यापर्यंत. अकरा मुद्द्यांतला एकही मदतीला आला नाही. मी म्हटलं, "ठकूबाई, माझं चुकलं. आत्यांनी कापू नका म्हणून सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

आणखी काही बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात आत्यांशी नजरानजर झाली. मिटलं.

ठकूबाईनं विळा कमरेला खोचला. मग हातानं खाली दाखवलं. धरणाच्या कडेला एका खाचरात गरवं भात अजून उभं होतं, उशिरा पिकणारं. "त्यो संपतचा तुकडा. उद्या कापनार हाय म्हनं. मागायचं न्हाई. सावड करू. तुमी आन् म्या, दिसभर कापायचं. मंग कोपरा आपला." सावड म्हणजे कामाच्या बदल्यात काम. आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या. त्यात कुणी कुणाचा उपकार घेत नाही. मी लगेच व्हय म्हटलं. मग विचारलं, कोण संपत?

संपत माझा विद्यार्थी निघाला. भोरला वसतिगृहात राहून शिकलेला. त्याचं अक्षर ओळीवरून घसरून खालच्या ओळीत जायचं म्हणून मी त्याला कितीतरी तास वर्गाबाहेर उभं केलं होतं. शनिवारी सकाळी तो आपल्या बांधावर उभा होता आणि मी त्याच्यासमोर अनवाणी, विळा घेऊन. त्याला आधी वाटलं, शाळेची काही वर्गणी आहे. ठकूबाईनं सौदा सांगितला. तो म्हणाला, अगं मावशे, आत्ताच कापून ने की, त्यात काय. ती म्हणाली, न्हाई. दिसभर कापू, मंग. संपतनं माझ्याकडं बघितलं. "सर बी कापनार?" व्हय, ठकूबाई म्हणाली. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू जो आनंद पसरला तो मी त्याला मराठी शिकवताना कधी पाहिला नव्हता.

दिवसभर तो माझ्या बाजूच्या पट्ट्यात कापत होता. मोठ्या अदबीनं बोलायचा, पण सोडत नव्हता. सर, बुडात कापा. सर, मूठ फेकू नका. दुपारी तर म्हणाला, "सर, ओळ वाकडी चाललीय तुमची." मी मान वर करून बघितलं. खरंच वाकडी होती. त्याचं अक्षर का घसरायचं, याची मला तेव्हा थोडी कल्पना आली. पट्टा लांब असला आणि मागून कुणी सारखं सांगत असलं की ओळ जातेच. हे मी त्याला सांगायला वळलो आणि विळा करंगळीवर उतरला. त्यानं धावत येऊन बोट धरलं, घरून हळद आणवली, आपल्या उपरण्याची चिंधी फाडून बांधली. गाठ मारताना म्हणाला, कापताना बोलायचं नसतं, सर. त्यापुढं मी बोललो नाही. माझ्या आठवणीत तेवढीच एक दुपार आहे जिच्यात मी कुणाला काही शिकवलं नाही. पाण्यावरून गार वारा येत होता. विळ्यांचा खसखस आवाज. मध्येच एखादा टोळ उडायचा. मी दाखवलेल्या जागी कापत होतो, थांब म्हटलं की थांबत होतो, आणि मनात इतकी शांतता होती की मी दचकून दोनदा आजूबाजूला बघितलं.

रविवारी भोरच्या त्या लांबट खोलीत पाळकसाहेबांनी माझं नाव पुकारलं. भाषण माझ्याजवळ नव्हतं. ते आत्यांच्या घरी राहिलं होतं. नंतर त्यांनी फोनवर सांगितलं, चुलीला लई झ्याक पेटलं, मास्तर, कागद चांगला होता. मी पुढं गेलो, टेबलावर मूठभर लोंब्या ठेवल्या, आणि जे झालं ते सांगितलं. बुटांसकट. पाच-सहा मिनिटं लागली असतील. रोवलेलं भात उपटून हातात आलं तिथं मंडळी इतकी हसली की पेटीवाल्या बाईंनी पेटी मिटून ठेवली. शेवटी मी म्हटलं, इतकी वर्षं मी देवाचं ऐकतो असं समजत होतो, खरं म्हणजे देवालाच माझं ऐकवत होतो. आणि बसलो. सुनंदानं खुर्चीखालून माझा बांधलेला हात हळूच दाबला. दुखला, पण मी ओरडलो नाही.

उपासनेनंतर पाळकसाहेब टेबलाजवळ आले. लोंबी उचलून हुंगली आणि विचारलं, ही आत्यांच्या शेतातली का? मी म्हटलं, नाही. ही ठकूबाईनं दिली. म्हणजे दिली नाही. कशी ते सांगतो.

शनिवारी ऊन उतरल्यावर संपतच्या खाचरात एक कोपरा उभा राहिला. मी आणि संपत बांधावर बसलो, ठकूबाई एकटीच आत गेली. जमिनीला हात लावला, आणि कापायला लागली. घाई नाही. प्रत्येक मूठ कापली की आवाज यायचा, कर्र, आणि ती मूठ मुळापासून वेगळी होऊन तिच्या हातात यायची, जशी यायला पाहिजे तशी. संपतनं टोपी काढून मांडीवर ठेवली होती, का ते त्यालाही सांगता आलं नसतं. पेंढी बांधून झाली. तिनं ती डोक्यावर घेतली. मी उठलो, म्हटलं, मी वरपर्यंत पोचवतो. ती म्हणाली, तुमी नुसतं माझ्या मागनं चला.

आम्ही चढाला लागलो. पुढं ती, मागं मी. राजगडावर शेवटचं ऊन होतं. थोडं चाललो आणि वाटेवर एक लोंबी पडलेली दिसली. मी वाकून उचलली. दहा पावलांवर आणखी एक. उचलली. पुढच्या वळणावर आणखी. वाया जायला नको म्हणून मी वाकत राहिलो, कंबर तर आधीच गेलेली. मूठ भरत आली तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पेंढी मी डोळ्यांनी बघितली होती, ती करकचून बांधलेली होती. अशी पेंढी दहा दहा पावलांवर एकेक लोंबी गाळत नाही.

मी थांबलो. ती थांबली नाही. तिचा एक हात पेंढीला धरलेला होता. त्या हाताची बोटं हलत होती.

मी म्हटलं, ठकूबाई, हे निवदाचं आहे.

ती वळलीसुद्धा नाही. डोक्यावरची पेंढी तोलत, चढावरचा दम सांभाळत म्हणाली, "म्या काय दिलं न्हाई आन् तुमी काय मागितलं न्हाई. मागं एक ऱ्हायलीय बगा, उचला."

मी मागं वळून बघितलं. खरंच एक राहिली होती. मी खाली गेलो आणि वाकलो.